झोपाळ्याच्या कड्यांना टांगलेली रेल्वे

आमच्या पुढच्या खोलीच्या स्लॅबमध्ये चार लोखंडी कड्या आहेत. घर बांधताना मी मिस्त्रीच्या मानगुटीवर बसून त्या घालून घेतल्या. बाकी दारे, खिडक्या, फरशीचा रंग, सगळे मिस्त्रीने ठरवले आणि आमच्या ह्यांनी शनिवारी येऊन त्याला मान डोलावली. कड्या मात्र माझ्या. त्यांना सागवानी पाटाचा झोपाळा लागला तेव्हा कुठे मला ते घर वाटायला लागले. शाळेत दिवसभर गणित शिकवून, त्याच त्या चुकांवर त्याच त्या लाल रेघा ओढून घरी आले की मी चहाचा कप घेऊन झोपाळ्यावर बसत असे. त्या वेळी कुणी माझ्याशी बोललेले मला चालत नसे. मुलगी अभ्यासाला आतल्या खोलीत, आणि बोलायला दुसरे होते तरी कोण?

हे खेडजवळ लोट्याला. कारखान्यात शिफ्टची नोकरी, तिथेच भाड्याची खोली. शनिवारी संध्याकाळी रत्नागिरीला यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत पिशवी उचलून चालते व्हायचे. आमचा सगळा संसार असा सुट्टीच्या दिवशी झाला. त्यामुळे माझ्यामागोमाग निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले तेव्हा पहिले काही दिवस मी त्यांना पाहुण्यासारखेच वागवले. पाहुणा जायचे नाव घेत नाही म्हटल्यावर मात्र कठीण होऊ लागले. "आपल्याकडे साखर कुठे असते?" असे त्यांनी एकदा विचारले. "दुकानात," मी म्हटले. माझा स्वभाव तसा गोड आहे, पण विचारणाऱ्याने प्रश्नही नीट विचारावा.

मग त्यांना मोबाइलवर कुठलेसे जर्मन आजोबा सापडले. पांढऱ्या मिशा, गळ्यात एप्रन, आणि तळघरात अख्खी रेल्वे: डोंगर, पूल, स्टेशने, बोटभर उंचीची माणसे. हे दिवसभर त्या आजोबांकडे बघत बसायचे. त्यांची भाषा ह्यांना कळत नव्हती, पण मान बरोबर जागी हलत होती. एक दिवस कुरियरवाला खोके देऊन गेला. त्यात एक निळे इंजिन, चार डबे आणि थोडे रूळ होते. त्याच संध्याकाळी ह्यांनी माझ्या झोपाळ्याकडे वर बघितले. मी कपाळाला हात लावला.

"फक्त आठ दिवस," ते म्हणाले.

त्यांचा विचार असा. टेबल मांडले तर खोली अडणार आणि मला त्रास होणार. तो होऊ नये म्हणून झोपाळ्याचा पाट काढायचा, त्याच साखळ्यांनी त्या चार कड्यांना प्लायवूडचा अख्खा तक्ता टांगायचा आणि त्यावर रेल्वे उभारायची. पाहुणे आले की विहिरीवरच्या असतात तशा कप्प्यांनी तक्ता ओढून छताला लावायचा, खाली खोली मोकळी. "बघ, तुझाच विचार केला," असेही वर म्हणाले. माझा झोपाळा मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यावर दुसऱ्या दिवशी मांजर बसले.

ह्या कामात त्यांना दोन साथीदार मिळाले. एक बाजारपेठेतले चष्म्याचे दुकानवाले. आयुष्यभर डोळ्यांना न दिसणारे स्क्रू पिळत आल्यामुळे त्यांचा हात स्थिर आणि जीभ हळू. दुसरे देवरूखकडचे, मोटर रिवाइंडिंगवाले. बागायतदारांचे जळलेले पंप दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. वस्तू हातात घेतली की आधी आपटून बघायची ही सवय. हे, चष्मेवाले आणि मोटरवाले, असे त्रिकूट रोज दुपारी तक्त्याभोवती जमू लागले आणि आठ दिवसांचे वर्ष होत आले.

रेल्वे आपल्याच मुलखाची असावी हे एकमताने ठरले. तक्त्याच्या एका टोकाला खेड, दुसऱ्या टोकाला रत्नागिरी, मधे संगमेश्वर आणि एक बोगदा. पुठ्ठ्याचे डोंगर झाले, त्यावर प्लास्टर झाले, आणि लाल माती हवी म्हणून ह्यांनी खरा जांभा दगड कुटून आणला. तो चाळायला त्यांना माझी पिठाचीच चाळण सापडली. त्यानंतर आठवडाभर आमच्या भाकरीला कातळाचा रंग होता. स्पंज किसून, हिरवा रंगवून कलमांची झाडे झाली. कलमांना मोहोर पाहिजे म्हणून मोटरवाल्यांनी डिंकात पिवळा रवा बुडवून तो झाडांना चिकटवला. खरोखर छान दिसत होते, मीसुद्धा तसे म्हणाले. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या आणि मोहोर खाऊन गेल्या.

मी तर हसून मेले. पण ह्या तिघांनी त्याच्यावर बैठक घेतली. "फवारणी उशिरा झाली," मोटरवाले गंभीरपणे म्हणाले. चष्मेवाल्यांचे मत पडले की हवामान ढगाळ होते. रत्नागिरीचा माणूस मोहोर गेल्याचे दुःख कुठेही ओळखतो, मग तो मोहोर रव्याचा का असेना.

आता मूळ दुखण्याकडे येते. टांगलेली वस्तू हलते. हे सांगायला गणिताची मास्तरीण लागत नाही, झोपाळ्यावर बसलेले कुठलेही पोर सांगेल. पण तक्ता टांगून, रूळ ठोकून, डोंगर उभा करून झाल्यावर ह्या तिघांना ते कळले. कुणी कोपराने धक्का दिला की खेडपासून रत्नागिरीपर्यंत भूकंप. गाडी दोन वीत जाऊन रुळावरून खाली. मग खोलीत वावरायचे नियम झाले. चप्पल बाहेर. चालायचे ते टाचा उचलून. पंखा बंद, आणि तोही मे महिन्यात! तिघे बनियनवर, घामाने निथळत, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसे बसलेले असत. मी एकदा चहा घेऊन गेले तर चष्मेवाले स्क्रूवरची नजर न काढता म्हणाले, "वहिनी, श्वास जरा तिकडे सोडा."

माझ्या घरात मला श्वास सोडायला जागा राहिली नव्हती.

तक्ता छताला ओढायची सोय होती, तिचाही एकदाच उपयोग झाला. मुलीच्या सासरची माणसे आली म्हणून ह्यांनी कप्प्या ओढल्या. वर जाता जाता तक्ता कलला आणि रत्नागिरीच्या फलाटावरचा एक प्रवासी व्याह्यांच्या चहात पडला. त्यांनी त्याला चमच्याने बाहेर काढले, बशीत ठेवले आणि चहा तसाच संपवला. माणसे घरंदाज आहेत. पण त्यानंतर ती आली की हॉटेलात उतरतात.

गाडी मात्र कधी खेडहून रत्नागिरीला पोहोचली नाही. तक्ता हलला नाही तर रुळांचा सांधा उचके, सांधा बसला तर वीज जाई. आणि सगळे जुळून आलेच तर ह्यांचा नियम आडवा येई. आपला मार्ग एकेरी. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचे, दुसरीला जाऊ द्यायचे आणि मग निघायचे. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. कोकणात रेल्वेने फिरणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य ह्या शब्दात गेले आहे. तेव्हा आपली गाडी संगमेश्वरला क्रॉसिंगला थांबलीच पाहिजे, असे ह्यांचे म्हणणे.

"पण तुमच्याकडे दुसरी गाडी आहे कुठे?" मी विचारले.

"येईल ना."

"येईपर्यंत?"

"थांबेल." 

आणि गाडी खरोखर थांबायची. नसलेल्या गाडीची वाट बघत निळे इंजिन संगमेश्वरला उभे, आणि तिघे जण भोवती बसून कोकमाचे सरबत पीत. मी आतून बघायची आणि मनात म्हणायची, वेड्यांचा बाजार तो हाच.

दुसरे इंजिन शेवटी मोटरवाल्यांनी आणले. मुंबईच्या जुन्या बाजारातले, मोटर जळलेले. तिची तार त्यांनी स्वतः पुन्हा गुंडाळली. "वैनी, मोटर ती मोटर. पंपाची काय न् इंजिनाची काय," ते छाती काढून म्हणाले. बटण दाबले मात्र, इंजिन रत्नागिरीहून सुटले, वळण काही त्याने मानले नाही आणि तक्ता सोडून ते उडाले ते दारात परातीत वाळत घातलेल्या माझ्या आमसुलांत जाऊन पडले. परातीतून धूर निघाला. "ताकद हाय त्याच्यात," मोटरवाले म्हणाले. त्यानंतर ते इंजिन पुन्हा काही फिरले नाही.

त्या दिवशी मी झोपाळा मागायचे ठरवले. परात धुऊन त्याच तावातावाने पुढच्या खोलीकडे निघालेही. दारात पोहोचले तर आत हे चष्मेवाल्यांशी बोलत होते, पाठ माझ्याकडे. "लोट्याच्या खोलीतून गाडीची शिट्टी ऐकू यायची," हे म्हणत होते. "रात्रपाळी नसली की पडल्या पडल्या ऐकायचो. वाटायचं, ही आता रत्नागिरीला जाणार. गाडी जायची, मी तिथंच. इतक्या वर्षांत आठवड्याच्या मधेच एकदाही उठून निघालो नाही. सुट्टी मागायची भीती वाटायची."

मला हे कधी सांगितले नव्हते. मी तशीच मागे फिरले आणि परात पुन्हा धुतली.

पण स्वभाव काही बदलत नाही. श्रावण संपत आला, गणपतीची तयारी डोळ्यांसमोर दिसायला लागली आणि पुढच्या खोलीत छतापासून लोंबणारा तो डोंगर बघून माझे डोके पुन्हा फिरले. तिघांना समोर बसवून मी सांगितले, "हरतालिकेच्या दिवशी तुमची गाडी खेडहून रत्नागिरीला आली पाहिजे. मधे कुणाचाही हात लागता कामा नये. आली तर तक्ता राहील, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आली तर गणपती यायच्या आत माझा झोपाळा वर."

हे मान खाली घालून म्हणाले, "पण संगमेश्वरला क्रॉसिंग…"

दुसरे इंजिन मेलेले. त्याच्याशिवाय क्रॉसिंग नाही, क्रॉसिंगशिवाय हे गाडी सोडणार नाहीत. म्हणजे परीक्षेच्या आधीच नापास. मला खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण पेपर कठीण असावा, अशक्य नसावा, हे तत्त्व मी नोकरीभर पाळले आहे. मी आत जाऊन ते मेलेले इंजिन आणले, संगमेश्वरच्या बाजूच्या रुळावर ठेवले आणि म्हटले, "ही समोरची गाडी. ही आधीच येऊन उभी आहे. तुमची गाडी येऊन थांबली की झालं क्रॉसिंग."

तिघांनी एकमेकांकडे बघितले. ह्यांनी बराच वेळ विचार केला. "नियमात बसतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे असे बघितले की लग्नातसुद्धा तसे बघितले नव्हते.

हरतालिकेचा उपास माझा होता आणि घाम ह्यांना फुटला होता. ज्या उपासाने चांगला नवरा मिळतो म्हणतात, तो करून मी इतकी वर्षे काय मिळवले ते समोर बनियनवर उभे होते. दुपारची वेळ. मखर कोपऱ्यात अर्धे झालेले. चष्मेवाले डोळ्याला भिंग लावून वळणापाशी, मोटरवाल्यांना हात मागे बांधून भिंतीशी उभे केलेले, आणि मी परीक्षक म्हणून रत्नागिरीच्या बाजूला. पंखा अर्थात बंद. पोटात काही नसल्याने मला गरगरायला लागले, म्हणून मी खिडकी उघडली.

ह्यांनी बटण फिरवले. निळी गाडी खेडहून निघाली. सांधा आला, गाडी थोडी उचकली आणि पुढे सरकली. संगमेश्वरला थांबली. मेलेल्या इंजिनाला ह्यांनी पुरेसा वेळ दिला, मनातल्या मनात त्याला रवाना केले, आणि मग आपली गाडी सोडली. गाडी बोगद्यात शिरली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत प्रथमच मी प्रार्थना करत होते, आणि ती झोपाळ्यासाठी नव्हती हे माझे मलाच कळून मी चक्रावले.

इंजिन बोगद्यातून बाहेर आले आणि त्याच वेळी खिडकीतून पावसाळी वारा आत घुसला. तक्ता झुलला. शेवटचे वळण, डबे एका बाजूला कलले, आता पडणार. झोपाळा झुलायला लागला आणि त्यावर कुणी नीट बसलेले नसले की बाईचा हात जसा आपोआप जातो तसा माझा हात तक्त्याच्या साखळीवर गेला. मी ती घट्ट धरली. तक्ता थांबला. डबे सावरले आणि गाडी सावकाश रत्नागिरीच्या फलाटाला लागली.

मोटरवाले ओरडले, चष्मेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही ओरडले बहुतेक. हे मात्र साखळीकडे बघत होते.

"हात लागला," ते म्हणाले.

"साखळीला लागला, गाडीला नाही!" मी म्हटले.

"मधे कुणाचाही हात लागता कामा नये, असं तू म्हणाली होतीस."

"मी परीक्षक आहे. मी पास म्हणते."

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून तक्त्याच्या साखळ्या सोडायला लागले. मी चष्मेवाल्यांना म्हटले, तुम्ही तरी सांगा. ते भिंग पुसत राहिले. मला इतका राग आला की उपास नसता तर मी काहीतरी कडकडून चावले असते. जी गोष्ट वर्षभर मनात धरली ती हातात पडत होती आणि मला ती नको होती. संध्याकाळपर्यंत तक्ता मागच्या पडवीत गेला, मांजर उठवले गेले आणि झोपाळा वर चढला.

गणपती आला. आरत्या झाल्या, उकडीचे मोदक झाले, माणसांनी घर भरले. जो येई तो झोपाळ्यावर बसे आणि म्हणे, वा, आता कशी खोली खोलीसारखी दिसते. हे दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना या-बसा म्हणत होते. शनिवारी लोट्याहून आल्यावर बसायचे, तीच खुर्ची. मला ते बघवेना.

गौरीबरोबर आमचे गणपतीही गेले. घर एकदम रिकामे झाले. संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन माझ्या नेहमीच्या टोकाला बसले. हे खुर्चीतून टक लावून माझ्याकडे बघत होते.

"काय?"

"पाट कलतोय," ते म्हणाले.

ते उठून मागच्या पडवीत गेले आणि पाणसळ घेऊन आले. गवंड्यांकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. रूळ एका पातळीत आहेत का ते बघायला आणलेली. त्यांनी ती पाटावर माझ्या शेजारी ठेवली. बुडबुडा पळत दुसऱ्या टोकाला गेला.

"केवढा उतार आहे हा. इतकी वर्षं असाच?"

"इतकी वर्षं असाच," मी म्हटले.

त्यांनी पलीकडची साखळी तपासली, तिची एक कडी कमी करून बघितली, मग पुन्हा होती तशी केली. पाटाच्या रिकाम्या टोकाला ओट्यावरचा पाटा-वरवंटा ठेवता येईल का, असे मला विचारले. शेवटी ते स्वतःच त्या टोकाला बसले आणि वाकून नळीत बघू लागले. बुडबुडा हळूहळू सरकत आला आणि मधल्या दोन रेघांत थांबला.

"आता लेव्हल," ते म्हणाले. थोडा वेळ आम्ही दोघे त्या बुडबुड्याकडे बघत बसलो. लग्नानंतर आम्ही दोघे ह्या झोपाळ्यावर असे एकत्र कधी बसलो नव्हतो.

"त्या तक्त्याला पाय लावले तर?" मी म्हटले. "समोर भिंतीशी. मग हलणार नाही."

"तुझी खोली अडेल."

"अडू दे. गाडी नीट आलेली मला बघायचीय. हात न लावता."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावे लागले. "लांबी मापून घेतो लगेच, टेप आत आहे," म्हणत ते उठायला लागले. नळीतला बुडबुडा सुटला आणि माझ्या कपातला चहा बशीत सांडला.

"बसा," मी म्हटले. "उठलात की परत कलेल."